तीन अक्षरांचे मोठे बाबू

भाव करताना घासाघीस करणारी माणसं आपण रोज पाहतो. भाव करता करता समोरच्याला अरबी शिकवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

सीताबर्डीला मेट्रोच्या जिन्याखाली एक बाई संत्र्यांची टोपली घेऊन बसायची. ऑफिस सुटलं की आमचे मोठे बाबू तिच्यापुढे उकिडवे बसत, एक संत्रं हातात घेत आणि म्हणत, "वाजवी सांग." ती भाव सांगे. मग खरा धडा सुरू होई.

"वाजवी म्हणजे काय, माहीत आहे का तुले?"

"म्हणजे कमी."

"कमी नाही. वाव, जीम, बे. अरबीतली तीन अक्षरं. त्याचा पहिला अर्थ पडणे. भिंत पडते नं धपकन, तसं. जो भाव दोघांच्याही अंगावर सारखा पडते, तो वाजवी."

"बाबू, घ्याचं असन तं घ्या. मागं गिऱ्हाईक उभं हाय."

ते घेत, आणि तिने पहिल्यांदा सांगितलेल्या भावातच घेत. एवढं प्रवचन करून एक रुपया कमी न करणारं गिऱ्हाईक कोणाला नको असतं? पुढे पुढे ती बाई त्यांना पाहिलं की स्वतःच म्हणायची, "या, पडलं का आज काही?" मी शेजारी उभी राहून मोबाईलमध्ये तोंड खुपसून घ्यायची, कारण घरी जायची आमची मेट्रो एकच होती.

कचेरी कोणती ते सांगत नाही. माझी अजून बरीच नोकरी बाकी आहे. जुन्या गावांचे जुने कागद जिथे कापडी बस्त्यांत बांधून ठेवतात अशा एका रेकॉर्डखोलीत मी वडिलांच्या जागी अनुकंपावर लागले. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं, सगळ्या जगावर माझा राग होता आणि तो काढायला समोर मोठे बाबू मिळाले. बारीक अंगकाठी, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका कागदाची नक्कल करायला सांगितली. मी म्हटलं, झेरॉक्सचं मशीन आहे की.

"काढ नं झेरॉक्स. मंग रुजुवात घेऊ."

रुजुवात म्हणजे नक्कल मुळाशी ताडून पाहणं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. हाताने लिहायच्या काळात ते ठीक होतं. झेरॉक्सची रुजुवात घेणारा माणूस महाराष्ट्रात दुसरा नसावा.

"मशीन काय खोटं लिहिते का?" मी विचारलं.

"खोटं नाही लिहीत वं पोरी. पान सोडते."

मी फणकाऱ्याने वाचायला बसले. अकरा पानांच्या कागदाची माझी नक्कल दहा पानांची निघाली. दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. मोठे बाबूंनी चेहऱ्यावर विजयसुद्धा दाखवला नाही. नुसतं चिकटलेलं पान फुंकर मारून सोडवलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्याचा मला जास्त राग आला.

त्यांची दुसरी खोड याहून वाईट होती. तक्त्यात एकच मजकूर ओळीने आला की आपण सगळे 'वरीलप्रमाणे' लिहितो किंवा दोन टिंबं देतो. जुन्या कागदांत त्याला 'वरील मुजब' म्हणतात. मोठे बाबूंना हे दोन शब्द दिसले की त्यांचं लाल पेन बाहेर येई. एकदा मी 'सदर जमीन पडीक असून कोणाचा ताबा नाही' हे वाक्य चाळीस वेळा लिहिलं आहे. चाळीसाव्या वेळेला मला त्या जमिनीचा आणि मोठे बाबूंचा ताबा घ्यावासा वाटला होता. काहून असं करता म्हणून विचारलं तर म्हणाले, "लिहिणाऱ्याचे दोन मिनिटं वाचतात वं. ज्याचं गाव आहे त्याचं काय वाचते?"

हे अरबीचं वेड त्यांना लागलं कुठून? तेही कागदांमुळेच. त्यांचं घराणं इथलं, कारकुनीतलं, घरात गणपती आणि एकादशी. अरबीशी संबंध यायचं कारण नव्हतं. पण नोकरीला लागले तेव्हा रेकॉर्डच्या वह्या बांधायला मोमीनपुऱ्यातले एक म्हातारे जिल्दसाज यायचे, म्हणजे पुस्तकं बांधणारे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. जुन्या कागदातला एखादा शब्द अडला की तरुण मोठे बाबू उस्तादांना विचारत. उस्ताद खळीत बुडवलेली बोटं फडक्याला पुसत आणि म्हणत, "बाबू, लफ्ज को अकेला मत पकड़ो. पहले उसके घरवालों से मिलो."

घरवाले म्हणजे मूळची तीन अक्षरं आणि त्यांतून निघालेले सगळे शब्द. हुकूम, हाकीम, हकीम हे एका घरातले. नजर आणि नजारा एका घरातले. मोठे बाबू दर रविवारी वही घेऊन मोमीनपुऱ्यात जाऊ लागले, ते उस्ताद वारले तोवर, जवळजवळ वीस वर्षं. फी म्हणून ते उस्तादांचे मराठीतले सगळे सरकारी अर्ज लिहून देत.

पण जीव जडला तो वाव-जीम-बे वरच. पहिला धडा तोच होता. या एका मुळावर ते तासभर बोलू शकत आणि बोलतही. पडणे हा मूळ अर्थ. सूर्य बुडतो त्यालाही हेच क्रियापद. माणसाच्या अंगावर जे येऊन पडतं, टाळता येत नाही, ते वाजिब. त्यावरून आपलं वाजवी. ज्याच्यामुळे एखादी गोष्ट करावी लागते तो मूजिब, त्यावरून आपलं 'मुजब'. निकाहात एकाने आपल्याकडून शब्द टाकायचा तो ईजाब, दुसऱ्याने घ्यायचा तो कबूल. छातीत धडधडतं ते वजीब. आणि दिवसातून एकदाच जेवणं म्हणजे वज्बा.

हे शेवटचं ते पाळत असत. दुपारी दीड वाजता डबा उघडत, दोन भाकऱ्या, झुणका, ठेचा, आणि मग दुसऱ्या दिवशी दीडपर्यंत चहाशिवाय काही नाही. ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला की तर्री-पोहे यायचे. साऱ्या खोलीत रश्श्याचा वास, आणि हे आपले बस्ते सोडताहेत. आमचा शिपाई त्यांच्या नाकाखालून प्लेट फिरवून न्यायचा. ते म्हणायचे, "फिरव, फिरव. वासाले अरबीत मनाई नाही."

एकदा मी त्यांना खूश करायला म्हटलं, "मोठे बाबू, जबाब, म्हणजे मूळचा जवाब, पण याच घरातला ना? ज, व, ब आहेतच की." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जबाबाचं घर वेगळं आहे. अक्षरं तेच असले म्हणून काय झालं, क्रम वेगळा आहे. तुह्या घरचे लोक उद्या उलटे उभे केले तं चालन का?" मी चालेल म्हटलं. तेव्हा ते हसले. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्याही तोंडून वडिलांनंतर ऑफिसात पहिल्यांदाच हसू फुटलं होतं. तेव्हापासून माझा राग ओसरला असं म्हणायला हरकत नाही.

आता सगुणाबाईंबद्दल सांगायला हवं. मोठे बाबूंच्या निवृत्तीला चार महिने होते तेव्हाची गोष्ट.

साठीच्या सगुणाबाई ढीवर समाजाच्या, जुन्या हिंदी कागदांत ज्यांना ढीमर म्हणतात त्या, मच्छी आणि शिंगाडे विकणाऱ्या. त्यांचं गाव मनीषनगरच्याही पुढे, आता तिथे चहूकडे लेआउट पडले आहेत. गावच्या जुन्या तलावाकाठची जमीन एका बिल्डरने घेतली आणि तारेचं कुंपण घातलं. घाटावर जायची वाट कुंपणाच्या आत गेली. ढीवरांची बावीस घरं, सगळ्यांचं पोट त्या तलावावर, आणि पाण्यापर्यंत जायला वाट नाही. शिंगाड्याचा हंगाम तोंडावर आलेला. तहसीलदारांपुढे सुनावणी लागली होती आणि त्यांनी विचारलं होतं, तुमच्या हक्काचा कागद कुठे आहे?

तो कागद म्हणजे वाजिब-उल-अर्ज. इकडच्या प्रत्येक गावाची अशी जुनी नोंद असते. तलावातलं पाणी कोणी घ्यायचं, मच्छी कोणाची, गुरं कुठून जायची, सगळ्या चालीरीती त्यात लिहिलेल्या. सगुणाबाई त्याची नक्कल घ्यायला आमच्याकडे आल्या.

मी वही काढली, पान उघडलं. त्यांच्या गावापुढे, तलाव-मच्छी-वाट या रकान्यात दोनच शब्द होते. वरील मुजब. वरच्या गावात तलाव पूर्ण मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, इतर कोणाचा काही हक्क नाही, असं लिहिलं होतं. म्हणजे सगुणाबाईंच्या गावातही तेच.

मी त्यांना वाचून दाखवलं. त्या बाकावरून उठल्याच नाहीत.

"असं कसं होईन वं बाई? माहा सासरा मरेपर्यंत सांगे, आपलं कागदात हाय म्हणून. ढीमरों का हक वाजिब, असं लिहिलं हाय म्हणे. त्याले वाचता येत नव्हतं, पन तेवढं पाठ होतं."

पलीकडच्या टेबलावर मोठे बाबू बस्ता बांधत होते. त्यांचे हात थांबले. ते उठून आले, वही स्वतःकडे फिरवली आणि बराच वेळ त्या दोन शब्दांकडे पाहत राहिले. अक्षर मी ओळखलं नव्हतं. तरुणपणीचं होतं, गोल आणि घाईचं.

"हे मी लिहिलं आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मूळ वह्यांना उधई लागली म्हणून त्यांच्या नवीन प्रती करायचं काम त्यांच्याकडे आलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी शेवटची वही उरली होती आणि गावी जायची गाडी चारची होती. पानं सारखीच दिसत होती, म्हणून त्यांनी सतरा गावांपुढे 'वरील मुजब' लिहिलं, रुजुवात घेतली नाही आणि गाडी पकडली. दिवाळीनंतर घेऊ म्हणाले. परत आले तर कोणीतरी मूळ वहीचा भुसा झाडून टाकलेला होता. "सतरापैकी किती खरे, किती खोटे, मलेच माहीत नव्हतं. तीस वर्षं वाट पाहून राहिलो, कोण येते म्हणून."

दुसऱ्या दिवशी ते एक पिवळी पडलेली वही घेऊन आले. अरबीची त्यांची पहिली वही. पहिल्याच पानावर, त्यांच्या त्याच गोल अक्षरात, मूळ रेकॉर्डातून उतरवलेलं एक वाक्य होतं. तालाब की मछली और सिंगाड़े पर ढीमरों का हक वाजिब, घाट तक रास्ता उनके वास्ते खुला. वर गावाचं नाव आणि मूळ वहीचा पान नंबर. तीच प्रत करायच्या काही महिने आधी 'वाजिब' शब्द अडला म्हणून त्यांनी ते उस्तादांना दाखवायला उतरवून घेतलं होतं.

"म्हणजे या वाक्यावरून तुम्ही अख्खं अरबी शिकलात," मी म्हटलं, "आणि तेच गाव..."

"शब्द लक्षात राहिला, गाव विसरलो. तीस वर्षं मी लोकांले वाजवी म्हणजे काय ते सांगत फिरलो. वही उघडून गावाचं नाव नाही पाहिलं."

त्यांचा आवाज तेव्हा फार खाली गेला होता. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमच्याकडे मोठ्यांच्या पाठीवर कोण हात ठेवतं?

आमच्या साहेबांनी त्यांना आत बोलावून स्पष्ट सांगितलं. नक्कल आहे तशी द्या, विषय संपला. चूक झाली असं लिहून दिलंत तर विभागीय चौकशी लागेल, चार महिन्यांवर निवृत्ती आहे, पेन्शन अडकेल. साहेब वाईट नव्हते, त्यांना खरंच हा माणूस वाचवायचा होता. मोठे बाबू सगळं ऐकून "हो साहेब" म्हणाले, बाहेर आले आणि प्रतिज्ञापत्र लिहायला बसले.

लिहून झालं, त्याची नक्कलही झाली, तेव्हा त्यांनी मूळ कागद माझ्याकडे दिला आणि स्वतः नक्कल घेऊन बोट ठेवून बसले. "वाच. रुजुवात घेऊ."

"मनात ताडून पाहा ना," मी म्हटलं. खोलीत आठ जण होते.

"मोठ्यानं वाच वं."

मी वाचलं. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की सदर नोंद माझ्या हातून, मूळ कागदाशी न ताडता, घाईमुळे चुकीची झाली आहे.' शिपायाने पंखा बंद केला. मी वाचता वाचता दोनदा अडले, आणि दोन्ही वेळा ते बोट न हलवता थांबून राहिले. दुसऱ्या पानावर एका ठिकाणी मी 'त्याच' वाचलं आणि नकलेत 'त्या' होतं. त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केलं आणि शेजारी सही केली. स्वतःच्या गुन्ह्याच्या कबुलीत एक 'च' राहिला तर काय बिघडलं असतं? पण तो माणूसच तसा होता, आणि त्या दिवशी त्यांच्याबद्दल मला जे वाटलं ते मला आजही नीट बोलता येत नाही. आदर म्हणा.

सुनावणीला मीही रजा टाकून गेले. बिल्डरचा वकील तरुण आणि हुशार होता. त्याने ती पिवळी वही दोन बोटांनी धरली.

"ही वही तुमची. अक्षर तुमचं. काल रात्री लिहून आणली नाही कशावरून?"

"वाक्याच्या बाजूले पाहा," मोठे बाबू म्हणाले.

समासात उर्दू लिपीत काळ्या शाईने बारीक मजकूर होता. वकिलाने हे काय आहे म्हणून विचारलं. मोठे बाबूंनी वाचून दाखवलं. वाव, जीम, बे. गिर पड़ना. दीवार का गिरना. सूरज का डूबना. दिल का धड़कना. वाजिब, मूजिब, ईजाब, वज्बा. एकेक शब्द त्यांनी अर्थासह सांगितला. तहसीलदारांचा टायपिस्ट टाइप करायचं सोडून ऐकत होता.

"हे ज्यांनी लिहिलं ते आमचे जिल्दसाज होते. त्यांची सवय होती, प्रत्येक धड्याखाली तारीख टाकून सही करत. ते वारून बारा वर्षं झाले. आमच्या खोलीतल्या जुन्या वह्यांच्या बांधणीच्या चिठ्ठ्यांवर याच सह्या आहेत. मी दहा चिठ्ठ्या आणल्या आहेत."

तहसीलदारांनी चिठ्ठ्या मागवल्या. एकेक सही वहीतल्या सहीशेजारी ठेवून पाहिली. वकील काही वेळ मधे मधे बोलला, मग स्वतःच सह्या पाहायला पुढे वाकला. सगुणाबाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदराचं टोक दातात धरून.

त्याच दिवशी हुकूम झाला की निकाल लागेपर्यंत वाट खुली ठेवा. तार कापली गेली. शिंगाडे वेळेवर पाण्याबाहेर आले.

साहेब म्हणाले होते तसंच पुढे झालं. चौकशी लागली. निवृत्तीच्या दिवशी मोठे बाबूंना शाल-नारळ मिळाला नाही, कारण ज्यांच्यावर चौकशी आहे त्यांचा सत्कार कसा करायचा, असा प्रश्न कोणीतरी काढला. आम्ही चौघांनी खालच्या टपरीवर चहा पाजला. पेन्शन दीड वर्ष अडकली आणि शेवटी ताकीद देऊन सोडली. मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "दर दिवाळीले हे असे गुमसुम होत. मी म्हणे, एकच वेळ जेवते, पोटात काही नाही म्हणून असन. या दिवाळीले पहिल्यांदा फटाक्याचा आवाज ऐकला म्हणाले."

अंतिम निकाल लागला तेव्हा त्यांची चौकशी चालूच होती. निकालाची प्रत मीच आणली. सगुणाबाईंचा फोन आला की घाटावर येऊन सगळ्यांना वाचून दाखवा. मी मोठे बाबूंना सोबत चला म्हटलं. ते आधी नको म्हणाले. स्कूटीवर मागे बसल्यावरही दोनदा म्हणाले की तू एकटीच जा, मी इथेच उतरतो. मी गाडी थांबवली नाही.

घाटावर बावीस घरांतली माणसं जमली होती, बायका पुढे. दुपारचं ऊन होतं, पाण्यावर शिंगाड्याची पानं पसरली होती. मी कागद मोठे बाबूंच्या हातात दिला, कारण कागद वाचावा तर त्यांनीच. ते उभे राहिले आणि पहिल्या शब्दापासून वाचू लागले. प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावं, तारखा, काही सोडलं नाही. लोक शांतपणे ऐकत होते, जणू ते आकडेही त्यांच्याच गावाचे होते.

तिसऱ्या पानावर ती ओळ आली. 'तत्कालीन लिपिकाने मूळ कागदाशी न ताडता नोंद घेतल्याने सदर गावातील ढीवर समाजाचा हक्क अभिलेखातून वगळला गेला.' पुढे लिपिकाचं नाव. मला वाटलं, एवढं तरी गाळतील. त्यांनी ती ओळ वाचली आणि आपलं नावही वाचलं, बाकीच्या ओळींपेक्षा थोडं मोठ्याने.

पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोन होता गा तो?"

"मी," मोठे बाबू म्हणाले.

मी काहीतरी बोलणार होते, यांच्यामुळेच वाट मिळाली, यांची पेन्शन अडकली आहे, असं सगळं जिभेवर आलं होतं. पण सगुणाबाई माझ्या आधी बोलल्या.

"तीस वरसं ते कोनी वाचलंच नाई, बाबू. आमी मच्छी धरतच होतो. ज्या दिवशी कागद लागला, त्या दिवशी तुमी होते." त्यांनी पायरीवर थोडं सरकून जागा केली. "उनात काहून उभे? बसा. अन् पुढं वाचा, वाटेचं काय लिहिलं हाय ते."

ते त्यांच्या शेजारी बसले, चष्मा पुसला आणि वाटेचं काय लिहिलं आहे ते वाचू लागले.